अंगठा गेला, ओटीपी आला



मोबाईलवर मत नाही असा माणूस आज शोधून सापडणार नाही. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायका असोत, नवापूरला सुरतची गाडी पकडणारे कामगार असोत, की शहाद्याच्या स्टँडवर एसटीची वाट पाहणारी कॉलेजची मुले असोत, जिकडे तिकडे तीच चर्चा. कोणी म्हणतो, "घ्यायचा तर भारीचाच फोन घ्यावा." कोणी म्हणते, "आपल्याला काही कळत नाही बाई, सेंटरवाल्या पोराच्या हातात देते, तो करून देतो." आजीबाई म्हणतात, "या डबीनं पोरं बिघडवली." आणि घरचा कर्ता पुरुष बजावतो, "पोरीच्या हातात फोन नको."

ही मते आपण बोलता बोलता देतो आणि विसरून जातो. परंतु मुलांची शिष्यवृत्ती, आजीची पेन्शन, घामाची मजुरी आणि मुलीचे शिक्षण आज याच मतांवर अवलंबून राहू लागले आहे. म्हणून या आठवड्यात त्यांतली काही मते तपासून पाहू.

टेंभलीचा अंगठा

आपल्या आज्या-पणज्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला. कागदावर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते. दहा रुपये घेतले आणि शंभर लिहिले गेले, तरी बोलायची सोय नव्हती. त्या अंगठ्यातून सुटण्यासाठी आपल्या समाजाने पोटाला चिमटा घेऊन पोरे शाळेत घातली. पोरे सही करायला शिकली आणि अंगठा मागे पडला असे आपल्याला वाटले.

तोच अंगठा नव्या रूपात परत आला, आणि तो आपल्याच जिल्ह्यातून आला. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. बारा आकड्यांचा हा क्रमांक टेंभलीपासून सुरू झाला आणि देशभर गेला. आज रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती, बँकेचे खाते यांपैकी कोणत्याही कामाला जा, आधार आधी पुढे येते.

आधारला ओळख पटवण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. एक बोटाचा ठसा, दुसरी मोबाईलवर येणारा ओटीपी. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा, थोड्या मिनिटांत संपणारा आकडा. तो आकडा ज्याला कळला, त्याने तुमच्या नावाने अंगठा उठवला असेच समजा. म्हणूनच "सेंटरवाल्या पोराला देते, तो करून देतो" हे मत धोक्याचे आहे. तो पोरगा प्रामाणिक असेलही. बहुतेक जण असतातच. पण आपण कशासाठी आकडा सांगितला, पडद्यावर काय लिहिले होते, हे न वाचता सांगितला, तर आपण आणि आपले पणजोबा यांच्यात फरक तो काय राहिला? सेंटरवर जरूर जा. परंतु आकडा सांगण्याआधी आलेला संदेश पूर्ण वाचा. तो कशासाठी आला आहे हे त्यातच लिहिलेले असते. वाचता येत नसेल तर शाळकरी नात सोबत न्या.

बोटाच्या ठशाचेही तसेच. गावातल्या बँक प्रतिनिधीकडे आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा देऊन खात्यातून पैसे काढता येतात. म्हाताऱ्या माणसांना ही मोठी सोय आहे. पण त्यात ओटीपी येत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवा. चोरलेल्या ठशांवर पैसे काढल्याचे गुन्हे देशात घडले आहेत. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये आणि संकेतस्थळावर आपले ठसे कुलूपबंद करून ठेवण्याची सोय फुकट आहे. रेशन घेण्याच्या दिवशी मात्र कुलूप उघडावे लागते, नाहीतर दुकानात अंगठा लागणार नाही.

नंबर कोणाच्या नावावर?

आता घरात डोकावून पाहू. पुष्कळ घरांत चांगला फोन एकच, आणि तो थोरल्या मुलाकडे. आईचे बँक खाते, आजीची पेन्शन, बहिणीची शिष्यवृत्ती, सगळीकडे त्याचाच नंबर दिलेला. मग तो कामाला सुरतेला जातो, फोन त्याच्यासोबत जातो. इकडे बहीण महाडीबीटीचा अर्ज भरायला सेंटरवर बसते. ओटीपी जातो सुरतेला. भाऊ यंत्रावर उभा, फोन लॉकरमध्ये. मुदत संपते, पुन्हा पाठवा, पुन्हा संपते. तिचा दिवस गेला, रोज बुडवून सोबत आलेल्या आईची मजुरीही गेली. यात भावाचा दोष नाही. दोष एका घराची सगळी कुलपे एकाच किल्लीला जोडण्याचा आहे.

मायबहिणींनो, लाडकी बहीण योजनेने हे सगळ्यांना शिकवले. योजना २०२४ मध्ये आली, महिन्याला दीड हजार रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा बहिणीच्या आधारसोबत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरही ओटीपी मागितला गेला. ज्या बाईच्या आधारला तिचा स्वतःचा चालू नंबर जोडलेला होता तिचे निम्मे काम घरबसल्या झाले. जिचा नंबर कधीचाच बंद पडलेला, ती आधी नंबर बदलण्याच्या रांगेत उभी राहिली.

नंबर बंद का पडतो, हेही समजून घ्या. आपल्या भागातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीला चार-सहा महिने बाहेर जातात. रिचार्ज राहून जातो. प्रीपेड सिम ९० दिवस काहीच वापरले नाही तर कंपनी ते बंद करू शकते. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्या कोणाला देत नाहीत, असे दूरसंचार नियामक 'ट्राय'ने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. म्हणजे त्यानंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. मग तुमच्या बँकेचा निरोप त्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजेल! नंबर सोडायचा असेल तर आधी बँकेत आणि आधारमध्ये बदलून घ्या, मगच सोडा.

"आजीच्या बटणाच्या फोनला नेटचे पैसे कशाला भरायचे?" असे विचारणाऱ्यांचे मत मात्र अगदी बरोबर आहे. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून केवळ बोलणे आणि एसएमएस यांचा वेगळा रिचार्ज ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले. दुकानदार आपणहून तो सांगेलच असे नाही, आपण मागावा. ओटीपी एसएमएसने येतो, त्याला नेट लागत नाही. आजीचा साधा फोनसुद्धा तिच्या पेन्शनची राखण करू शकतो.

भारीचाच फोन?

हप्त्यावर पंचवीस हजारांचा फोन घ्यायचा आणि वर्षभर घरातल्या दुधाला कात्री लावायची, हे चित्र आता नवीन राहिलेले नाही. दुकानात आपल्याला कॅमेरा दाखवतात, चकाकी दाखवतात. आपण विचारायचे ते वेगळेच. या फोनला सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार? फोनच्या सॉफ्टवेअरला भोके पडतात, कंपनी ती बुजवत राहते, त्यालाच अपडेट म्हणतात. बुजवणे थांबले की चोराला वाट मोकळी होते, आणि काही वर्षांनी ॲपही त्या फोनवर चालेनाशी होतात. जुन्या अँड्रॉइड ४.४ वर व्हॉट्सॲप १ जानेवारी २०२५ पासून बंद झाले, ते याच चालीचे. सात वर्षे अपडेट देण्याचे वचन काही महाग फोनना आहे. स्वस्त फोनना कमी मिळतात, म्हणून घेण्याआधी विचारणे गरजेचे.

जुना फोन घ्यायलाही हरकत नाही. पण पावतीशिवाय घेऊ नका. चोरीचा निघाला तर तो सरकारी यंत्रणेकडून बंद होतो आणि पैसे पाण्यात जातात. 'संचार साथी' या दूरसंचार खात्याच्या संकेतस्थळावर फोन खरा आहे का हे पाहता येते, हरवलेला फोन बंद करवता येतो आणि आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हेही दिसते. आपल्या नावावर न घेतलेले सिम दिसले तर तिथेच तक्रार करा.

"ब्राउझर म्हणजे गूगलच ना?"

हा प्रश्न शिकलेली मुलेसुद्धा विचारतात. नाही. ब्राउझर म्हणजे महाजालाकडे उघडणारी खिडकी. गूगल ही एक कंपनी आणि क्रोम ही तिने बसवलेली खिडकी. फायरफॉक्स, ऑपेरा, एज या दुसऱ्या खिडक्या. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये ज्या वर्ल्ड वाईड वेबची कल्पना मांडली, ती जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी साऱ्या जगाला मोफत खुली केली. विहीर सगळ्यांना खुली झाली, आणि लगेच काठावर हक्क सांगणारे आले. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर आणला, पुढे तो विंडोजबरोबरच देऊ लागली आणि स्पर्धक नेटस्केप मागे पडला. त्यावरून अमेरिकी सरकारने १९९८ मध्ये कंपनीवर खटला भरला. तो एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. आज तोच प्रश्न फोनमध्ये आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोन बनवणाऱ्यांना गूगलची ॲप एकगठ्ठा घालावी लागतात, हा त्यातला एक आक्षेप होता. अपिलात काही आदेश रद्द झाले, पण मार्च २०२३ मध्ये दंड कायम राहिला. पुढे वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

फुकट मिळणाऱ्या खिडकीसाठी एवढी भांडणे का व्हावीत? कारण खिडकी ज्याची, त्याला तुम्ही काय पाहता ते कळते आणि तुमच्यापुढे जाहिरात कोणती ठेवायची हे तो ठरवतो. क्रोम वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. आयते मिळाले म्हणून तेच एक आहे, असे समजू नये इतकेच. फोनच्या सेटिंग्जमध्ये आपोआप उघडणारा ब्राउझर बदलता येतो. फायरफॉक्स हा मोझिला या ना-नफा प्रतिष्ठानाच्या मालकीच्या कंपनीचा आहे. मुलांनी तो एकदा वापरून पाहावा. एकेकाळी स्वस्त फोनवर यूसी ब्राउझर जोरात होता. २९ जून २०२० रोजी सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲपमध्ये तो होता. तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळले की ब्राउझरही बदलता येतो.

घरादाराला उपयोगी गोष्ट याहून साधी आहे. खिडकीच्या वरच्या पट्टीत पत्ता लिहिलेला असतो, तो वाचायला शिका. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता बहुधा 'डॉट जीओव्ही डॉट इन' असा संपतो. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितले, ते खोटी दुकाने ओळखता यावीत म्हणून. शोधून आलेल्या यादीत वरती 'प्रायोजित' लिहिलेले असेल तर ती पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. बँकेचा, गॅसचा, कुरिअरचा मदत क्रमांक तिथून कधीही उचलू नका, पासबुकावर किंवा पावतीवर पाहा. आणि व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, सरकारी योजना अशा नावाने फाईल आली आणि तिच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असली, तर ती पत्रिका नव्हे. ते फोनमध्ये घुसणारे ॲप आहे. उघडू नका, पुढे पाठवू नका, पाठवणाऱ्याला फोन करून सांगा.

नाव भीम, पण पिन आपला

पैशांच्या देवघेवीवर आपल्या वस्तीत एक मत हमखास ऐकू येते. "भीम ॲप आपल्या बाबासाहेबांच्या नावाचं, मग सगळे दुसरंच का वापरतात?" ३० डिसेंबर २०१६ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिल्लीत हे ॲप सुरू करताना ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने असल्याचे सांगितले. ते बनवले नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने, तिनेच यूपीआय ही व्यवस्था उभारली. आज यूपीआयचे पाचातले सुमारे चार व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोनच ॲपवरून होतात. पैसा मात्र सगळ्यांचा त्याच यूपीआयच्या रुळावरून धावतो.

बाबासाहेबांनी १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लिहिला आणि पुढे हिल्टन यंग आयोगापुढे चलनावर साक्ष दिली. रुपयाची किंमत ढासळली की पगार-मजुरीवर जगणारा नागवला जातो, हे त्यांनी जाणले होते. त्यांच्या नावाचे ॲप फोनमध्ये ठेवावे, अवश्य ठेवावे. परंतु ॲप कोणतेही असो, रुपया कसा येतो-जातो हे ज्याला कळत नाही, त्याचा रुपया राहत नाही. नियम एकच पाठ करा. पैसे घेताना पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. "तुम्हाला पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करा, पिन टाका" असे कोणी म्हणाले की फोन ठेवून द्या. एका व्यक्तीने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैसे मागणारी विनंती पाठवण्याची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, तरी स्कॅनचा सापळा आहेच.

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात अनेक पाड्यांवर नेट धड मिळत नाही. तिथे बटणाच्या फोनवरूनही *९९# लावून बँकेचा व्यवहार होतो, आणि २०२२ पासून साध्या फोनसाठी 'यूपीआय १२३पे' आले आहे. हे आपल्या आदिवासी बांधवांनाही सांगा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात लगेच फिरवतो, म्हणून पहिल्या तासाला फार किंमत आहे.

पोरीच्या हातात फोन

आता शेवटचे आणि सर्वांत जड मत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते, महिलांमध्ये हे प्रमाण ३३.३ टक्के होते. हा फरक बुद्धीचा नाही. फोन कोणाच्या खिशात आणि कोणाच्या परवानगीने, याचा आहे.

केरळमध्ये एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात सायंकाळी ६ ते रात्री १० फोन जमा करण्याचा नियम होता. एका विद्यार्थिनीने तो मानला नाही, तिला वसतिगृहातून काढले. ती उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायालयाने निकाल दिला की इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा आणि संविधानाच्या कलम २१ मधील खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला परत प्रवेश द्यायला सांगितले. अभ्यास कधी करायचा हे सज्ञान मुलगी ठरवेल, ही त्यामागची साधी गोष्ट.

"पण फोननं मुलं बिघडतात त्याचं काय?" ही आजीबाईंची काळजी खोटी नाही. मात्र काळजीचा रोख एकट्या मुलीवरच का? रमी आणि तत्सम पैसे लावण्याच्या खेळांत पगार उडवणारे बहुतेक पुरुषच होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून अशा ऑनलाईन पैशांच्या खेळांवर बंदी आणली. तेव्हा नियम करायचाच तर सगळ्या घरासाठी करा. जेवताना फोन बाजूला, रात्री झोपताना सगळ्यांचे फोन एका कोनाड्यात, वडिलांचासुद्धा. मुलगा बारावीला असताना त्याला फोन मिळतो आणि मुलीला "दादाचा घे ना" असे ऐकावे लागते, हे थांबायला हवे. जी मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः भरते, पत्ता वाचून संकेतस्थळ ओळखते, आजीच्या संदेशाचा अर्थ सांगते, ती घराची राखणदार आहे.

भाषेची अडचण आता पूर्वीइतकी राहिली नाही. फोनची सगळी भाषा मराठी करता येते, बोलून मराठीत लिहिता येते. आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये 'आदि वाणी' हे भाषांतराचे ॲप आणले, त्यात भिली आणि गोंडीचाही समावेश आहे. सुरुवात आहे, पुष्कळ व्हायचे आहे.

या रविवारी एवढे करा. विहारात किंवा समाजमंदिरात वस्तीतली कॉलेजची मुले-मुली आणि आया-आज्या यांना तासभर एकत्र बसवा. प्रत्येकीच्या आधारला कोणता नंबर जोडला आहे ते पाहा. तो चालू आहे का ते पाहा. ओटीपीचा एक संदेश मोठ्याने वाचून दाखवा. १९३० हा आकडा भिंतीवर लिहा. खर्च एका चहाचा, पण त्यातून किती जणींची पेन्शन आणि किती पोरांचे शिक्षण वाचेल, याचा हिशेब तुम्हीच करा. आणि पुढच्या वेळी कोणी "आकडा सांगा ताई, लवकर" म्हणाले, तर आपल्या ताईने विचारावे, "कशासाठी? आधी वाचू दे."

जयभीम.